वारसा वादात हयात जोडीदाराचा वाटा कसा ठरतो?

पती किंवा पत्नीच्या निधनानंतर मालमत्तेवरून वाद उद्भवल्यास हयात जोडीदाराचा हिस्सा देशभर एकाच नियमाने ठरत नाही. मृत व्यक्तीला लागू असलेला वारसा कायदा, मालमत्तेचे स्वरूप आणि मृत्युपत्र या तीन बाबींवर तो अवलंबून असतो.

हिंदू, बौद्ध, जैन व शीख धर्मीयांना हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू होतो. मृत्युपत्र न करता पतीचे निधन झाल्यास त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत विधवा, मुलगे, मुली आणि मृताची आई यांना समान हिस्सा मिळतो. १९३७ च्या कायद्याने विधवेला केवळ हयातीपुरता हक्क दिला होता. १९५६ च्या कायद्यातील कलम १४ नुसार ती आपल्या हिश्श्याची पूर्ण मालक होते. पुनर्विवाहामुळे पतीकडून वारशाने मिळालेला हिस्सा जात नाही.

एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत गणित बदलते. मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन मुलगे व तीन मुली असलेल्या विधवेचा हिस्सा ७/२४ ठरवला. पतीच्या मृत्यूपूर्वी वाटणी झाली असे मानून पत्नी म्हणून एक चतुर्थांश आणि पतीच्या चतुर्थांशातून वारस म्हणून सहावा भाग, असे दोन्ही हिस्से तिला देण्यात आले.

पत्नीचे निधन झाल्यास पती व मुले समान वारस ठरतात. मात्र अपत्य नसल्यास, तिला आईवडिलांकडून वारशाने मिळालेली मालमत्ता पतीकडे न जाता तिच्या वडिलांच्या वारसांकडे जाते.

मुस्लिम कायद्यानुसार संतती असल्यास विधवेला एक अष्टमांश, नसल्यास एक चतुर्थांश हिस्सा मिळतो. विधुराला अनुक्रमे एक चतुर्थांश व निम्मा. ख्रिस्ती जोडीदाराला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार संतती असल्यास एक तृतीयांश मिळतो. गोव्यात विवाहापूर्वी वेगळा करार नसल्यास दांपत्याची मालमत्ता सामाईक असते. तेथील निम्मा भाग हा जोडीदाराचा वारसा नव्हे, तर स्वतःची मालकी असते.

हिंदू पती मृत्युपत्राद्वारे आपली मालमत्ता इतरांना देऊ शकतो. तरीही हिश्श्यापासून वंचित राहिलेली विधवा, पुनर्विवाह न केल्यास, ती मालमत्ता मिळालेल्यांकडून निर्वाहखर्च मागू शकते.

बँक ठेवी वा समभागांसाठी नामनिर्देशित केलेली व्यक्ती केवळ त्या कारणाने मालक होत नाही. समभागांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हे स्पष्ट केले. जमिनीच्या फेरफार नोंदीनेही मालकी सिद्ध होत नाही, त्यामुळे नोंदीत नाव नाही म्हणून विधवेचा हक्क संपत नाही. याउलट, स्वेच्छेने नोंदवून दिलेले हक्कसोडपत्र तिच्यावर बंधनकारक ठरते. फसवणूक किंवा दबाव झाल्यास ते न्यायालयात सिद्ध करावे लागते. त्यामुळे स्वाक्षरीपूर्वीच आपला हिस्सा जाणून घेणे महत्त्वाचे ठरते.