जायबंदी गुडघ्याचें मोल

लढाई संपते, तोफा थंडावतात. पण सैनिकाच्या जायबंदी गुडघ्यांतील कळ त्याच्याबरोबर घरीं येते. त्या कळेचें मोल राष्ट्रानें कोणत्या मापानें ठरवावें, या प्रश्नाचा अमेरिकेंतील इतिहास दीडशें वर्षांहून जुना आहे.

तेथें यादवी युद्ध चालू असतांना १४ जुलै १८६२ रोजीं पेन्शनचा कायदा झाला. सेवा बजावतांना झालेली जखम किंवा जडलेला रोग हाच पेन्शनचा आधार होता. अंगमेहनतीची शक्ति किती उरली, हें शल्यवैद्य पाहात. मात्र पूर्ण अपंगत्व आल्यास साध्या शिपायाला महिना ८ डॉलर, तर लेफ्टनंट कर्नल व त्यावरील अधिकाऱ्यांना ३० डॉलर मिळत. म्हणजे गुडघा सारखाच निकामी झाला तरी त्याचें मोल हुद्द्यावरून ठरे.

पहिल्या महायुद्धांत, १९१७ सालच्या कायद्यानें हा भेद दूर केला. अशा दुखापतीमुळें माणसाची कमाईची शक्ति सरासरीनें किती घटते, हा भरपाईचा नवा पाया ठरला. १९२४ मध्यें सैनिकाचा पूर्वीचा व्यवसायही हिशेबांत धरण्यांत आला. कारण आखडलेला गुडघा कारकुनापेक्षां सुताराला अधिक नडतो. परंतु १९३३ मध्यें सरासरीचें तत्त्व परत आलें, आणि १ एप्रिल १९४६ पासून अमलांत आलेलें कोष्टक, पुढें अनेक फेरफार होऊनही, त्याच तत्त्वावर उभें आहे.

या कोष्टकांत गुडघ्याचा हिशेब बहुतांशीं कोनाच्या अंशांत होतो. निरोगी गुडघा १४० अंशांपर्यंत वाकतो. दुखावलेला गुडघा ४५ अंशांवर अडला तर अपंगत्व १० टक्के, ३० अंशांवर अडला तर २० टक्के, आणि १५ अंशांवरच अडला तर ३० टक्के धरतात. टक्के वाढले कीं दरमहाची भरपाई वाढते.

हें माप हुद्दा पाहात नाहीं, हा त्याचा मोठा गुण. पण कोनमापकाला वेदनाही दिसत नाहीं. डॉक्टरांच्या टेबलावर सहज वाकणारा गुडघा जिन्याच्या दहा पायऱ्या चढतांच दगा देतो. म्हणूनच १९९५ मध्यें तेथील माजी सैनिकांच्या अपील-न्यायालयानें एका खटल्यांत निर्णय दिला कीं, सांधा तपासतांना वेदनेमुळें आणि वारंवार वापरामुळें येणारें दुबळेपणही विचारांत घेतलें पाहिजे.

कोष्टक कितीही बारकाईनें आंखलें तरी समोर बसलेल्या माणसाचें म्हणणें ऐकून घेतल्यावांचून न्याय पुरा होत नाहीं, हेंच या इतिहासावरून दिसून येतें.