वाहतूक कामगारांमधील व्यसनप्रतिबंध (पेण–रोहा)

ज्यांच्या क्षणभराच्या चुकीने इतरांचे जीव जाऊ शकतात, अशा वाहतूक कामगारांना कामावर नशेपासून दूर ठेवण्याची व्यवस्था. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा तालुक्यांत असे कामगार मोठ्या संख्येने आहेत. एसटीच्या रायगड विभागाचे कार्यालय पेणला असून दोन्ही गावांत आगारे आहेत. धाटाव औद्योगिक वसाहतीतून रसायनांचे टँकर मुंबई–गोवा महामार्गाला लागतात. मध्य रेल्वेची हद्द रोह्याला संपून कोकण रेल्वे सुरू होते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. रेल्वेचा नियम अधिक कडक आहे : गाड्यांच्या चालनाशी थेट संबंध असलेल्यांनी कामावर येण्यापूर्वी आठ तास मद्य वा गुंगी आणणारे औषध घेऊ नये. लोको पायलटची श्वासचाचणी हजेरीच्या वेळीच होते.

सर्वांत दुर्लक्षित धोका रात्री घेतलेल्या दारूचा. १०० मिलिलिटर रक्तातील मद्यार्क ताशी साधारण १५ मिलिग्रॅमने उतरतो. मध्यरात्री १५० मिलिग्रॅम असलेला चालक सकाळी आठला जेमतेम ३० वर येतो; मुक्कामी एसटी मात्र पहाटेच गाव सोडते. झोप झाली, आंघोळ केली, कडक चहा घेतला, तरी हा वेग वाढत नाही. म्हणून खूप प्यायलेल्यांना आठ तासांचे अंतरही पुरत नाही. शिवाय श्वासचाचणीत गांजा किंवा झोपेच्या गोळ्या सापडत नाहीत. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनीही डोळा लागतो, तेव्हा चालकाने डॉक्टरांना आपले काम सांगितलेच पाहिजे.

केवळ चाचण्यांवर भिस्त ठेवणे अपुरे आहे. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने दिवसाला आठ व आठवड्याला ४८ तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली होती. ती पाळणे, मुक्कामाला निजण्याची धड सोय करणे आणि उपचारासाठी स्वतःहून पुढे आलेल्याची नोकरी राखून त्याला काही काळ गाडीविना काम देणे, हाच खरा प्रतिबंध. नोकरी जाण्याच्या भीतीने माणूस व्यसन लपवतो आणि गाडीवर बसतो. उपचारासाठी पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा निःशुल्क क्रमांक १४४४६.