चेक : शहाचं दुसरं घराणं

चतुरंगाचा खेळ भारतातून इराणात गेला. तिथे प्रतिपक्षाच्या राजावर मारा झाला, की खेळाडू 'शाह!' असा पुकारा करत. मराठीतला 'शह' हाच. अरबांकरवी तो युरोपात पोचला, जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा 'एशेक' झाला आणि इंग्रजीत उरला 'चेक'. शह आणि चेक ही सख्खी भावंडं आहेत.

शह बसलेल्या राजाला मनासारखी चाल करता येत नाही. म्हणून इंग्रजीत चेक म्हणजे अडवणूक, लगाम. ज्याला लगाम घालायचा त्याचा पडताळाही घ्यावा लागतो. 'एकदा चेक कर' त्यातूनच आलं.

या कुळातली सर्वांत देखणी शाखा मात्र हिशेबाच्या टेबलावर वाढली. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ते टेबल बारकाईने वर्णिलं आहे: लांबी सुमारे 10 फूट, रुंदी 5 फूट, सोंगट्या खाली पडू नयेत म्हणून चार बोटं उंच काठ आणि वर रेघांचं काळं कापड. एका रकान्यात पेनी, पुढच्यात शिलिंग, मग पौंड, विसा, शेकडे, हजार. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी किचकट. इथे सोंगट्या सरकवल्या, की येणं आणि भरणा दोन्ही सर्वांच्या डोळ्यांसमोर मांडले जात. परगण्याचा वसूल घेऊन आलेला शेरिफ आणि खजिनदार यांच्यातला हा सामना बुद्धिबळासारखाच, असं फिट्झनील स्वतः म्हणतो. बुद्धिबळाच्या पटावरूनच राजाच्या या हिशेबाच्या कचेरीला 'एक्सचेकर' नाव पडलं. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चॅन्सलर ऑफ द एक्सचेकर' आहे. सरकारी हिशेब उघड्यावर, समोरासमोर तपासायची ही रीत मला फार मोलाची वाटते.

चौकड्यांच्या कापडाला 'चेक्स' म्हणतात तेही पटावरूनच.

बँकेच्या कागदाचं 'चेक' हे नाव अठराव्या शतकातलं. आधी चेक म्हणजे नुसती स्थळप्रत. मूळ कागदावरची रक्कम कुणी फिरवली, तर स्थळप्रतीशी ताडून लबाडी पकडता येई. पुढे नाव स्थळप्रतीवरून मूळ कागदाकडे गेलं. इंग्रजांनी त्याचं स्पेलिंग एक्सचेकरच्या वळणावर नेलं आणि आपल्या बँकांनी तेच उचललं. अमेरिकेने साधं स्पेलिंग ठेवलं. तिथे हॉटेलचं बिलही चेक आणि ते ज्याने फेडायचं तो बँकेचा कागदही चेकच.