फुलेवाडा: हौद खुला करणारं घर

नांदेड-लातूरहून शिकायला पुण्यात गेलात, तर गंज पेठेतला फुलेवाडा पाहून या. राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांचं हे राहतं घर आज राज्य संरक्षित स्मारक आहे. वाडा तसा साधाच. पण १८६८ मध्ये जोतीरावांनी इथला हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. सार्वजनिक पाणवठ्याला ज्यांना हात लावता येत नव्हता, त्यांना थेट घरचं पाणी! महाडचा सत्याग्रह त्यानंतर ५९ वर्षांनी, १९२७ मध्ये झाला.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. दत्तकपुत्र यशवंत एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. अंत्ययात्रेत त्याने टिटवं धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा ते सावित्रीबाईंनी स्वतः धरलं. जोतीरावांची समाधी वाड्याच्या आवारातच आहे.