खुब्याचा मध्य

21 जानेवारी 1997. आल्प्सच्या पायथ्याशी, फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या विद्यापीठ रुग्णालयात तुम्ही ऑपरेशन थिएटरच्या कोपऱ्यात उभे आहात. तोंडावर मास्क, कशालाही हात लावायचा नाही. टेबलाशी सर्जन डॉमिनिक सारागाग्लिया आणि फ्रेडरिक पिकार आहेत. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांवर स्क्रूने खुणा पक्क्या बसवल्या आहेत आणि पलीकडून इन्फ्रारेड कॅमेरा त्या खुणा टिपतो आहे. शवांवर तपासून झालेली ही पद्धत आज पहिल्यांदाच जिवंत माणसाच्या गुडघ्यात कृत्रिम सांधा बसवण्यासाठी वापरली जात आहे.

मांडी गोल गोल फिरवली जाते. का, ते पडद्यावर बघा. खुब्याचा सांधा मांसाच्या इतका आत असतो की त्याचा मध्य बोटांनी सापडत नाही. पण मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला असलेला गोळा वाटीत जागच्या जागी फिरतो. त्यामुळे खालची खूण कुठेही गेली तरी त्या गोळ्याच्या मध्यापासून तिचं अंतर तेच राहतं. तिच्या शेकडो जागा नोंदवून संगणक तो मध्य गणिताने काढतो. सीटी स्कॅनही लागत नाही! या सगळ्या तंत्रात मला हीच कल्पना सर्वांत सुंदर वाटते. मग घोट्याचा मध्य सापडतो आणि दोन्हींना जोडणारी, शरीराचा भार पेलणारी रेषा मिळते.

तुमचा हात आपल्या मांडीकडे जातो. तरुणपणी मोडलेलं ते हाड वाकडं जुळलं, आत प्लेट अजून तशीच आहे. नेहमीच्या पद्धतीत हाडाच्या पोकळीत लांब सळई घालून तिच्या आधाराने, नवा सांधा बसवण्यासाठी हाडाला द्यायच्या कापाचा कोन ठरवतात. तुमच्या हाडात सळई प्लेटच्या स्क्रूंवर अडेल. आत गेलीच, तरी बाकाच्या दिशेने वळेल आणि कोन चुकेल.

आता तुमच्या स्वतःच्या ऑपरेशनपर्यंत पुढे या. कमरेखाली भूल आहे, तुम्ही जागे आहात. तुमची मांडी फिरवली जाते, तुम्हाला कळतही नाही. हाड मध्ये कितीही वाकलेलं असो, मोजणी खुबा, गुडघा आणि घोट्याचीच होते. पडद्यावर दिसतं, पाय 14 अंशांनी फेंगडा आहे. आकडे बघत सर्जन कापाचा साचा हलवतात. करवत मात्र त्यांच्याच हातात. चाचणीचा सांधा बसवून पुन्हा मोजतात: 1 अंश. 3 अंशांच्या आत राहणं हे नेहमीचं उद्दिष्ट.

हाड सरळ असेल तर संगणकाच्या या मार्गदर्शनामुळे, म्हणजे नेव्हिगेशनमुळे, मापातल्या मोठ्या चुका कमी होतात, पण पेशंटच्या चालण्यात त्याने ठळक फरक पडतो असं अभ्यासांतून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. तुमच्यासारख्या पायाची गोष्ट निराळी. तिथे सळईला वाटच नसते.

तरी संगणकालाही मर्यादा आहे. बाक मोठा आणि गुडघ्याजवळ असेल, तर भार पेलणाऱ्या त्या रेषेला काटकोनात घेतलेला काप बाजूचं लिगामेंट जिथे हाडाला चिकटतं तिथेच जाऊ शकतो. अशा वेळी हाडही कापून सरळ करावं लागतं. हे आधीच, उभं राहून काढलेल्या खुब्यापासून घोट्यापर्यंतच्या एक्स-रेवर ठरतं. नुसत्या गुडघ्याच्या फिल्ममध्ये मांडीतला बाक येतच नाही. तुमच्या सर्जननी तो लांब एक्स-रे आग्रहाने काढून घेतला होता. बाक गुडघ्यापासून बराच वर निघाला, म्हणून प्लेटला हात न लावता आज एकाच ऑपरेशनमध्ये काम होत आहे.