टाकीच्या तळाचा हिशेब

शर्यत म्हटली कीं वेगाची आठवण होते; पेट्रोलाच्या टाकीची आठवण सहसा कोणास होत नाहीं. परंतु मोटारींच्या शर्यतींचा इतिहास चाळला, तर कित्येक जयपराजय यंत्राच्या बळावर ठरलेले नसून टाकीच्या तळाशीं उरलेल्या चार थेंबांवर ठरलेले दिसतात. बरोबर किती पेट्रोल घ्यावें, हा हिशेब प्रत्येक चालकास आरंभींच मांडावा लागतो. वरवर पाहतां तो शाळकरी मुलास सुटेल इतका सोपा आहे. आणि तरीही जगज्जेत्यांच्या हातून तो चुकलेला आहे.

या हिशेबाचें मूळ वजनांत आहे. एक लिटर पेट्रोलाचें वजन सुमारें पाऊण किलो. म्हणजे ४० लिटरांची भरलेली टाकी जवळजवळ ३० किलोंचें ओझें झालें. हलकी गाडी चटकन् वेग घेते, थोडक्या अंतरांत थांबते आणि वळणावर चपळाईनें वळते. म्हणून अल्पावधीच्या हौशी शर्यतींत जाणते चालक टाकी कांठोकांठ भरीत नाहींत; लागेल तेवढें घेतात आणि वर थोडेसें ठेवतात. पण येथेंच निसर्गनियम आड येतो. गाडी वेगानें डावीकडे वळली कीं टाकींतील पेट्रोल उजव्या भिंतीकडे धांवतें. तें थोडें असेल, तर पंपाच्या नळीचें तोंड उघडें पडतें आणि पंप पेट्रोलाऐवजीं हवा ओढूं लागतो. काटा पाव टाकी शिल्लक दाखवीत असतां यंत्र ऐन वळणावर ठसकतें. तेंच वळण दुसऱ्या बाजूचें असलें, तर कदाचित् कांहींच होत नाहीं. त्यामुळें नवख्यास दोष कोठें आहे हें उमगत नाहीं.

हा ठसका नुसता वेळ खातो असें नव्हे. यंत्र पूर्ण जोरानें चालत असतां पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली, तर आंतील उष्णता वाढते, मिश्रण अवेळीं पेट घेतें आणि पिस्टनास इजा होते. चार लिटर पेट्रोल वांचविण्याच्या पायीं सगळें यंत्र गमावण्याची पाळी येते. म्हणून शर्यतीच्या गाडींत टाकीमध्यें आडव्या पट्ट्या बसवितात, स्पंजासारखा सच्छिद्र पदार्थ भरतात, किंवा मुख्य टाकी आणि यंत्र यांच्यामध्यें एक लहान डबा ठेवतात. वळणावर मोठ्या टाकींत खळबळ झाली तरी हा डबा भरलेला राहतो.

थोडक्या पेट्रोलावर दूर जाणें हा स्वतःच एक खेळ होऊं शकतो, हें हौशी मंडळींनींही दाखविलें. १९३९ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत, वुड रिव्हर येथील शेल कंपनीच्या प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञांत एक मैत्रीची पैज लागली. आपापली गाडी एका गॅलनांत सर्वांत दूर कोण नेतो, एवढाच प्रश्न होता. अमेरिकन गॅलन म्हणजे पावणेचार लिटरांहून किंचित् अधिक. जिंकणाऱ्यानें ४९.७३ मैल गांठले. पैज एकदां लागली ती पुन्हा पुन्हा लागत गेली. १९४९ सालीं १९४७ च्या स्टुडबेकर गाडीनें १४९.९५ मैल, तर १९७३ सालीं १९५९ च्या एका ओपेल गाडीनें ३७६.५९ मैल गॅलनास पाडले. अशा खेळांत गाडीचें अनावश्यक वजन उतरवितात, चाकांत हवा कडक भरतात आणि गाडीस थोडा वेग आला कीं यंत्र बंद करून तिला आपल्या गतीनें घरंगळूं देतात. येथें जिंकतो तो घाईचा नव्हे, धीराचा माणूस.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत हौशी शर्यतींस बहर आला. १९४४ सालीं स्थापन झालेल्या स्पोर्ट्स कार क्लबाचे सभासद बक्षिसाच्या पैशासाठीं नव्हे, तर आवडीसाठीं गाड्या पळवीत. युद्धकाळांतील विमानतळ ओस पडले होते. त्यांच्या लांबरुंद धांवपट्ट्या या मंडळींच्या उपयोगास आल्या. फ्लॉरिडांतील सेब्रिंग येथील विमानतळावर ३१ डिसेंबर १९५० रोजीं ६ तासांची शर्यत झाली. यंत्राच्या आकाराच्या मानानें कोण किती दूर जातो, यावर तिचा निकाल होता. मोठमोठ्या गाड्या मागें राहिल्या आणि पहिला मान मिळाला अवघ्या ७२४ घन सेंटिमीटरांच्या यंत्राच्या क्रॉस्ले नांवाच्या चिमुकल्या गाडीस. थोड्या साधनांत केलेल्या कामाचा तो गौरव होता.

नऊ वर्षांनीं याच सेब्रिंगला या हिशेबाची सर्वांत प्रसिद्ध कसोटी लागली. १२ डिसेंबर १९५९ रोजीं तेथें जागतिक अजिंक्यपदाची त्या वर्षीची शेवटची शर्यत होती. आतां खेळाडू हौशी नव्हते. जगांतील निवडक चालक जमले होते. अजिंक्यपद तिघांपैकीं एकास मिळावयाचें होतें: ऑस्ट्रेलियाचा जॅक ब्रॅबम आणि इंग्लंडचे स्टर्लिंग मॉस व टोनी ब्रुक्स. मॉस आघाडीवर असतां थोड्याच फेऱ्यांत त्याची गाडी नादुरुस्त झाली. ब्रुक्सच्या गाडीस पहिल्याच फेरींत त्याच्याच संघांतील दुसऱ्या गाडीची मागून धडक बसली. कांहीं मोडलें कीं काय हें पाहण्यास तो थांबला आणि मागें पडला. ब्रॅबम मात्र आपली कूपर गाडी घेऊन पुढें निघाला. शर्यत ४२ फेऱ्यांची. त्याच्या पाठोपाठ त्याचाच तरुण सहकारी, न्यूझीलंडचा ब्रूस मॅक्लेरन, सावलीसारखा येत होता.

शेवटची फेरी सुरू झाली, आणि अंतिम रेषा कांहीं शेंकडा यार्डांवर राहिली असतां ब्रॅबमची टाकी कोरडी पडली. मागून येणारा मॅक्लेरन गोंधळून मंदावला. ब्रॅबमनें हात हालवून त्याला पुढें जाण्यास खुणावलें. मॅक्लेरन जिंकला, त्याचें वय अवघें २२ वर्षांचें होतें. मोरीस त्रँतीन्याँ त्याच्यामागें एक सेकंदाच्याही आंत दुसरा आला आणि ब्रुक्स तिसरा. इकडे ब्रॅबम गाडींतून उतरला आणि ती ढकलूं लागला. दुसऱ्याची मदत घेणें नियमानें निषिद्ध होतें. म्हणून भोंवतीं गर्दी जमली तरी गाडीस हात लावण्यास कोणी धजेना. घामाघूम होऊन त्यानें गाडी रेषेपार नेली आणि तो तेथेंच जमिनीवर कोसळला. त्याचा क्रमांक चौथा लागला.

या क्रमांकाचे ३ गुण होते. परंतु त्या वर्षीच्या नियमाप्रमाणें प्रत्येकाचे सर्वोत्तम ५ निकालच धरावयाचे होते, आणि ब्रॅबमचे आधींचे ५ निकाल याहून सरस होते. त्यामुळें एकूण ३४ पैकीं ३१ गुण मोजले गेले. ढकलत मिळविलेले ते ३ गुण गळून पडले. ब्रुक्सचे २७ झाले आणि ब्रॅबम अजिंक्य ठरला. केवळ गुणांचा हिशेब केला, तर ते सारे श्रम व्यर्थ होते. पण ती शर्यत ज्यांना आठवते, त्यांना विजेत्याहूनही आधीं तो गाडी ढकलणारा माणूसच आठवतो.

पुढें १९८४ सालीं फॉर्म्युला वन शर्यतींत मध्येंच पेट्रोल भरण्यास बंदी झाली आणि प्रत्येक गाडीस २२० लिटरांची मर्यादा आली. १९८५ सालीं इटलींत इमोला येथें आघाडीवरील आयर्तोन सेना याचें पेट्रोल शेवटच्या फेऱ्यांत संपलें. त्याच्या जागीं आलेला स्तेफान योहान्सन हाही तसाच रखडला. मग आलँ प्रोस्त पहिला आला. पण त्याची गाडी नियमापेक्षां २ किलो हलकी भरल्यानें तो बाद झाला आणि विजय एलिओ दे आंजेलिस यास मिळाला. पुढच्याच वर्षीं मर्यादा १९५ लिटरांवर आली. त्याच इमोलाला प्रोस्त पुन्हा आघाडीवर असतां यंत्र आचके देऊं लागलें. तेव्हां त्यानें गाडी डावी-उजवीकडे हेलकावली, तळचे थेंब पंपाकडे लोटले आणि शर्यत जिंकली. ज्या हेलकाव्यानें नवख्याची गाडी ठसकते, त्याच हेलकाव्याचा जाणत्यानें उपयोग करून घेतला. त्याचा संघही सेब्रिंगच्या त्या तरुण विजेत्यानें, ब्रूस मॅक्लेरननें, १९६३ सालीं स्थापिलेला होता.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असें आपल्याकडे म्हणतात. शर्यतीच्या मैदानांत ही म्हण अर्धीच खरी ठरते. तेथें अंथरूणही आधींच स्वतः मापून घ्यावें लागतें. फार घेतलें तर ओझें, फार थोडें घेतलें तर वाटेंत मुक्काम. काटकसर आणि कृपणता यांतील भेद तो इतकाच: काटकसर करणारा शेवटच्या वळणापुरतें राखून ठेवतो, कृपण तेंही वांचवूं पाहतो. वुड रिव्हरच्या शास्त्रज्ञांपासून इमोलाच्या विजेत्यापर्यंत सर्वांना टाकीनें हाच धडा दिला. ब्रॅबमनें त्यास एक पुरवणी जोडली: हिशेब चुकलाच, तर गाडी सोडून जाऊं नये; खालीं उतरावें आणि ढकलावी.