वस्ती, भूमी आणि निर्वासित

इंग्रज हिंदुस्थानात राज्य करावयास आले व गेले. त्यांना महसूल आणि बाजारपेठ हवी होती. वस्तीसाठी येणाऱ्यास मात्र भूमीच हवी असते. १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्याने पॅलेस्टाईनमधील बहुसंख्य अरबांचे नावही घेतले नाही. १९४८ च्या सुमारास ७ लाखांच्या आसपास अरब परागंदा झाले. १९५० च्या कायद्याने ते ‘गैरहजर’ ठरले व त्यांची मालमत्ता सरकारी ताब्यात गेली. परंतु येणाऱ्या ज्यूंतही कित्येक युरोपातील संहारातून वाचलेले होते. इंग्रजांप्रमाणे परतण्यास त्यांना मायदेश नव्हता. कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्रायलही पुढे तेथे गेले. म्हणून ‘वसाहतवाद’ हा शब्द मला येथे आवश्यक वाटतो, पुरेसा नव्हे. एका निर्वासिताच्या आसऱ्यापायी दुसरा निर्वासित व्हावा, हीच या इतिहासाची शोकांतिका होय.